मासे गेले कुठे? पुण्यातले मासेखाऊ वारंवार विचारतात ते प्रश्न

गेली काही वर्षं मी पुण्यातल्या सोसायट्यांत, शाळांत आणि एकदा तर एका मंगल कार्यालयाच्या गच्चीवर किनाऱ्यावरच्या जीवांबद्दल बोलत आले आहे. बोलून झालं की चहा येतो आणि खरे प्रश्न तेव्हा सुरू होतात. ते बहुतेक ठरलेलेच असतात, म्हणून उत्तरांसकट इथे लिहून ठेवते आहे. क्रम लावलेला नाही. माझं माहेर मालवणकडचं, त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत.

पुण्यात समुद्रच नाही. मग आम्हाला याचं काय?

समुद्र नाही, पण गणेश पेठेतला मासळी बाजार आहे, कॅम्पात शिवाजी मार्केट आहे आणि आता तर घरपोच तुकड्याही येतात. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत, वर गुजरात आणि पलीकडे आंध्र-ओडिशापर्यंत कुठे काय मिळालं आणि काय मिळालं नाही, ते इथल्या बर्फाच्या पेटीत दिसतं. शिवाय समुद्र किती तापला याचा हिशेब मांडणारी भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था 1962 पासून पुण्यातच आहे, पाषाणला. भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाचं पश्चिम विभागीय केंद्रही आकुर्डीत आहे. समुद्राशिवाय समुद्राचे तज्ज्ञ असणं पुण्याला शोभतंच.

मासे कमी झाले की दुसरीकडे गेले? फरक काय पडतो?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. एखादी जात किती आहे ही एक गोष्ट, ती कुठे आहे ही दुसरी. तुमच्या वाड्यातली बिऱ्हाडं कमी झाली म्हणजे माणसं मेली असं नाही, ती कोथरूडला राहायला गेली असतील. पण काही घरांत खरंच कोणी उरलेलं नसतं. माशांचंही तसंच आहे. काही जाती उत्तरेला सरकल्या, काही खोल पाण्यात उतरल्या, काहींचा अंडी घालण्याचा हंगाम बदलला आणि काही आपण खरोखर संपवत आणल्या. बाजारात या सगळ्याचा अर्थ एकच दिसतो: "आज नाय आला, ताई." उपाय मात्र प्रत्येकाचा वेगळा आहे. सरकलेल्या माशासाठी बंदी घालून उपयोग नाही, आणि ओरबाडलेल्या माशासाठी हवामानाला दोष देऊन उपयोग नाही.

तारली मध्येच गायब होते आणि मध्येच ढिगाने येते. असं का?

तारली हा या विषयातला सगळ्यात बोलका मासा आहे. सिंधुदुर्गात तिच्या जातभाईंना पेडवे म्हणतात. गरिबाचा मासा म्हणून कोणी तिची फार चौकशी केली नाही, पण आकडे बघा. केरळात 2012 साली सुमारे 3.9 लाख टन तारली किनाऱ्यावर उतरली. 2021 साली तिथेच फक्त 3,297 टन. शून्यं राहून गेलेली नाहीत, आकडा खरा आहे. त्यानंतर दोन वर्षांत ती पुन्हा एक लाख टनांच्या वर गेली.

एवढी उलथापालथ होते कारण तारलीचं आयुष्य जेमतेम दोन-अडीच वर्षांचं. वर्षभरातच ती अंडी घालण्याजोगी होते. एखाद्या साली पाऊस आणि वारे बिघडले, तळाचं थंड, सकस पाणी वेळेवर वर आलं नाही, की पिल्लांना खायला मिळत नाही आणि पुढच्या साली जाळी रिकामी. त्यातच भरघोस वर्षी लहान पिल्लंही बेसुमार काढली असतील तर सावरायला बी उरत नाही. 2012 च्या विक्रमानंतर अति मासेमारी आणि 2015 चा एल निनो (प्रशांत महासागर तापून इकडचे पाऊस-वारे बिघडवणारा प्रकार) एकापाठोपाठ आले, तो हा प्रकार. पण हवामान जरा अनुकूल झालं की तितक्याच झपाट्याने ती परतते. सुरमईला हे जमणार नाही.

हे झालं "किती" याबद्दल. "कुठे" याची गोष्ट त्याहून मजेची आहे. 1985 पर्यंत देशातली जवळजवळ सगळी तारली 8 ते 14 अंश उत्तर अक्षांशांत, म्हणजे केरळ आणि कर्नाटकाच्या दक्षिण भागात मिळायची. नंतर 14 ते 20 अंशांमधली पकड वाढत गेली. मालवण 16 अंशांवर आणि रत्नागिरी 17 वर आहे, यावरून हिशेब करा. आमच्या आजीच्या लहानपणी तारलीचं एवढं कौतुक नव्हतं ते केवळ स्वस्त म्हणून नव्हे.

बांगडाही सरकतोय का?

हो, आणि तो खालीही उतरतोय. बांगडा हा वरच्या थरात फिरणारा मासा. 1985 ते 1989 या काळात तळ खरवडणाऱ्या ट्रॉलरच्या जाळ्यांत बांगड्याच्या पकडीतला फक्त 2 टक्के वाटा यायचा. 2003 ते 2007 मध्ये तो सुमारे 15 टक्क्यांवर गेला. वर ऊन लागलं की माणूस तळमजल्यावर येऊन बसतो, तसंच हे.

राणी माशाने तिसरीच युक्ती केली. चेन्नईजवळच्या समुद्रात त्याने जागा बदलली नाही, पण अंडी घालण्याचं वेळापत्रक थंड महिन्यांकडे सरकवलं.

पण समुद्र खरंच तापलाय का, की सगळं हवामानबदलावर ढकलायची पद्धत पडली आहे?

खरंच तापलाय, आणि हे काम मोठ्या प्रमाणात पाषाणला झालेलं आहे. रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की 1901 ते 2012 या काळात पश्चिम हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचं जून ते सप्टेंबरमधलं तापमान 1.2 अंश सेल्सियसने वाढलं. आपल्याला पंख्याचा वेग एकने वाढवण्याइतका हा फरक वाटतो. पण माशाचं रक्त पाण्याच्याच तापमानाचं असतं, त्याला स्वेटर काढता येत नाही.

याच गटाच्या पुढच्या कामानुसार तिथल्या पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती सहा दशकांत जास्तीत जास्त 20 टक्क्यांपर्यंत घटल्या. कारण घरी बघता येतं. बादलीत गार पाणी घ्या आणि वरून हळूच गरम पाणी सोडा. वर हात भाजतो, तळ गारच राहतो. समुद्राचंही असंच होतं. वरचं तापलेलं पाणी हलकं होऊन झाकणासारखं बसतं आणि तळाची अन्नद्रव्यं उन्हापर्यंत पोचत नाहीत. सूक्ष्म वनस्पती कमी झाल्या की त्या खाणारे सूक्ष्म प्राणी कमी, मग तारली कमी, मग तारली खाणारी सुरमई कमी.

कोकणात रात्री लाटा निळ्या चमकतात. ते शुभ की अशुभ?

फोटोसाठी शुभ. चमकतो तो नॉक्टिल्युका नावाचा एकपेशीय जीव. तो आपल्या समुद्राला नवा नाही, पण या शतकात अरबी समुद्रात हिवाळ्यात त्याच्या हिरव्या प्रकाराची दाटी फार वाढली आहे. पूर्वी त्या जागी डायटम नावाच्या सूक्ष्म वनस्पती असत आणि लहान मासे व त्यांचं खाद्य त्यांवर पोसलं जाई. नॉक्टिल्युका बहुतेक माशांच्या उपयोगाचा नाही, जेलीफिशसारख्यांना मात्र चालतो. त्याला कमी प्राणवायूचं पाणी सोसतं, आणि अरबी समुद्रात साधारण 150 ते 1,000 मीटर खोलीवर असा प्राणवायू नसल्यातच जमा असलेला प्रचंड पट्टा आहे. पावसाळ्याच्या शेवटी असं पाणी किनाऱ्यालगतही वर येतं आणि तळाच्या माशांना तिथून निघावं लागतं.

पापलेट एवढुसं का झालं?

कारण मोठं व्हायच्या आधीच आपण ते खातो. यात हवामानाचा भाग आहे, पण माझ्या मते आधी जाळ्याचा डोळा बघावा. बारीक डोळ्याच्या जाळ्यात पापलेटची पिल्लं सरसकट येतात आणि त्यांना गिऱ्हाईकही मिळतं. एक पाव किलोचं पापलेट तयार व्हायच्या आत त्याची दहा भावंडं शंभर रुपये वाट्याने गेलेली असतात.

सप्टेंबर 2023 मध्ये पापलेटला महाराष्ट्राचा राज्य मासा म्हणून जाहीर केलं. त्यानंतर दोन महिन्यांत राज्याने 54 जातींसाठी पकडण्याजोगी किमान लांबी ठरवून दिली. पापलेटसाठी ती 135 मिलिमीटर आहे. पट्टी न्यायची गरज नाही. तुमच्या खिशातला मोबाइल साधारण 15-16 सेंटिमीटरचा असतो. पापलेट त्याच्यापेक्षा दोन बोटांहून जास्त आखूड असेल तर ते पकडायलाच नको होतं. मी मोबाइल लावून बघते म्हणून एक मावशी मला हसतात, पण आता त्या छोटी पापलेटं माझ्यापुढे ठेवत नाहीत, शेजारणीपुढे ठेवतात.

दोष कोणाचा? पर्ससीनवाल्यांचा ना?

चहाच्या वेळी हा प्रश्न आला की कोणीतरी रत्नागिरीचं असतंच आणि मग चहा गार होतो. पर्ससीन म्हणजे माशांच्या थव्याभोवती गोल टाकून खालून नाडी ओढून बंद करायचं जाळं. अख्खा थवा एकदम उचलला जातो. राज्याने फेब्रुवारी 2016 मध्ये त्यावर निर्बंध आणले. प्रखर एलईडी दिव्यांनी मासे गोळा करून पकडायला केंद्राने नोव्हेंबर 2017 मध्ये बंदी घातली. दोन्ही गोष्टी कागदावर आहेत. समुद्रात रात्री दिवे अजून दिसतात, आणि किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंतची राखण मोजक्या गस्ती बोटींनी होत नाही.

पण सगळं पर्ससीनवर ढकलायला मी तयार नाही. ट्रॉलर तळ खरवडतात, पाण्याच्या ओढ्यात बांधून ठेवलेल्या डोळ जाळ्यात पिल्लं येतात, आणि खायला न चालणारा बारीक मासा भुकटी करून कोंबड्यांच्या आणि कोळंबीच्या खाद्यात जातो. आपण पोल्ट्रीचं अंडं खाताना थोडा समुद्र खातोच.

एक जुनी गोष्ट सांगते. शिंगाळ्याचा नर अंडी तोंडात धरून उबवतो, पिल्लं बाहेर पडेपर्यंत तो खातही नाही. असे नर थव्याने फिरतात. 1980 च्या दशकात पश्चिम किनाऱ्यावर पर्ससीनमध्ये हे थवेच्या थवे आले, तोंडातल्या अंड्यांसकट. त्यानंतर शिंगाळा पूर्वीसारखा दिसला नाही. त्या वेळी समुद्राच्या तापमानाची चर्चासुद्धा सुरू झाली नव्हती.

पकड घटली म्हणजे मासे घटले, हे तरी नक्की ना?

नाही. 2019 साली महाराष्ट्रात फक्त 2.01 लाख टन मासे उतरले, 45 वर्षांतला नीचांक. आदल्या वर्षी 2.95 लाख टन होते. "समुद्र रिकामा झाला" अशी ओरड झाली. पण त्या साली अरबी समुद्रात पाच चक्रीवादळं झाली. त्यातली क्यार आणि महा ही दोन ऐन हंगामात, दिवाळीच्या आगेमागे आली. बोटी बंदरात बांधलेल्या असतील तर मासे येणार कुठून? म्हणून नुसते टन न बघता किती फेऱ्या झाल्या, किती तास जाळं पाण्यात होतं, त्यामागे किती मिळालं, हे बघावं लागतं.

उलटही खरं. 2021 मध्ये पालघरच्या एका बोटीला एकाच खेपेत दीडशेहून जास्त घोळ मिळाले आणि ते कोटीच्या वर विकले गेले. घोळीच्या पोटातल्या बोताला, म्हणजे हवेच्या पिशवीला, परदेशात सोन्याचा भाव आहे. सगळीकडे फोटो फिरले आणि मला तीन जणांनी विचारलं, "म्हणजे घोळ वाढली का?" एका घरात लॉटरी लागली म्हणून गाव श्रीमंत झालं असं आपण म्हणत नाही. एकेकाळी नेहमीचा असलेला मासा मिळाल्याची बातमी होते, यातच काय ते कळतं.

हे सगळं मोजतं कोण?

मुख्यतः केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था. 1947 साली स्थापन झाली, मुख्यालय कोचीला, मुंबईत केंद्र. त्यांची माणसं ठरवून दिलेल्या दिवशी बंदरावर उभी राहून बोटी मोजतात, टोपल्या बघतात, मासे मापतात. सगळ्या बोटी बघणं अशक्य, म्हणून नमुना घेऊन अंदाज काढतात. भाताचं शीत दाबून बघतो तसं, फक्त भांडं हजारो किलोमीटर लांब आहे.

बोंबील दक्षिण कोकणात का मिळत नाही? तेही हवामानामुळे?

नाही, हा जुनाच प्रकार आहे. बोंबील गुजरात आणि उत्तर महाराष्ट्राचा. रत्नागिरीच्या खाली तो विरळ होतो आणि मग थेट देशाला वळसा घालून आंध्राच्या उत्तरेला, ओडिशा-बंगालात पुन्हा भेटतो. बंगाली माणसं त्याला लोट्टे म्हणतात आणि आपल्याइतकंच त्यावर जीव टाकतात. उत्तरेकडे भरती-ओहोटीचा ओढा जबरदस्त असतो, पाणी गढूळ असतं, आणि त्या ओढ्यावरच डोळ जाळं चालतं: खुंटांना बांधलेली लांब पिशवी, पाणी आपणहून मासे आत आणतं. मला मालवणात लहानपणी ताजा बोंबील कधी दिसला नाही, सुकाच दिसला. कुरकुरीत तळलेला ताजा बोंबील पहिल्यांदा खाल्ला तो पुण्यात, लग्नानंतर.

जून-जुलैत मासेमारी बंद असते. मग पुण्यात मासे कुठून येतात?

आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना 1 जून ते 31 जुलै बंदी असते. पूर्व किनाऱ्यावर ती 15 एप्रिल ते 14 जून. म्हणजे जूनच्या मध्यापासून तिकडचा मासा ट्रकने इकडे येऊ शकतो. बाकी शीतगृहातला माल, तळ्यातली रोहू-कटला आणि आपल्या उजनीची चिलापी. चिलापीही मूळची आफ्रिकेची, पण ती दुसरीच कहाणी.

"श्रावणात मासे खाऊ नयेत" यामागे आजीला समुद्रशास्त्र माहीत होतं, असं मला सांगू नका. खवळलेल्या समुद्रात होडी घालता येत नव्हती, एवढं साधं ते होतं. आता मोठी इंजिनं आली म्हणून कायदा करावा लागला.

कासवं वाढली आहेत, असं वेळासला ऐकलं. खरं का?

ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांची घरटी राखायचं काम वेळासला 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रांनी सुरू केलं. आधी अंडी सरळ काढून नेली जात. राखण वाढली, मोजणाऱ्या किनाऱ्यांची संख्याही वाढली, आणि घरट्यांचे आकडे वर गेले. त्यातलं किती खरी वाढ आणि किती चांगली मोजणी, हे वेगळं काढायला कासवाच्या हिशेबाने वेळ द्यावा लागतो. पिल्लू मोठं होऊन अंडी घालायला यायला बरीच वर्षं जातात.

पण "कुठे" याबद्दल मात्र आपल्या समजुतीला धक्का बसला. मार्च 2021 मध्ये ओडिशात खूण लावलेली एक मादी जानेवारी 2025 मध्ये गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. तोवर पूर्वेची कासवं वेगळी आणि पश्चिमेची वेगळी असंच धरून चालत होते. त्याआधी गुहागरला उपग्रह यंत्र बसवलेली बागेश्री नावाची मादी श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली होती. आणि हो, पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या उबेवर ठरतं. वाळू तापली की मादी जास्त.

मुळा-मुठेची घाण कोकणातल्या माशांना बाधते का?

नाही. मुळा-मुठा भीमेला, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. आपली घाण आंध्राच्या वाट्याला जाते, वाटेत उजनी आहेच. पण एक उलटा धागा आहे. मुळशी धरणाचं पाणी वीज करण्यासाठी सह्याद्रीखाली भिऱ्याला सोडतात आणि ते कुंडलिकेतून रोह्याकडे, मग खाडीत जातं. म्हणजे मुळेचं, पूर्वेला जायचं पाणी पश्चिमेच्या खाडीत. खाडीतलं गोडं-खारं प्रमाण बदललं की बोय, जिताडा, कालवं यांचं जगणं बदलतं.

परके जीवही येतात म्हणे?

येतात, बहुतेक जहाजांच्या बुडाला चिकटून किंवा तोल सांभाळायला भरलेल्या पाण्यातून. केरळात अष्टमुडीच्या खाऱ्या सरोवरात दक्षिण अमेरिकेतल्या एका शिंपल्याने स्थानिक कालवांची जागा बळकावली आहे.

आम्ही दिवाळीत कोकणात जातो. आम्हाला काही नोंदवता येईल का?

नक्की, आणि माशांपेक्षा खडकांवरचे जीव नोंदवायला सोपे, कारण ते पळत नाहीत. समुद्रफुलं, शंख, कालवं, खेकडे, प्रवाळ. फोटो काढा, शेजारी नाणं ठेवा म्हणजे आकार कळतो, आणि जागा-तारखेसह आयनॅचरलिस्ट या जीवांच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर टाका. दगड उलटलात तर होता तसा परत ठेवा. खालचा जीव उन्हात मरतो.

वेळ साधायला कोकणातलं जुनं गणित वापरा: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. द्वितीयेला दीड वाजता भरती, म्हणजे सहा तास आधी सकाळी साडेसातच्या सुमाराला ओहोटी. अर्ध्या-पाऊण तासाची चूक धरा. पौर्णिमा आणि अमावास्येनंतरचे दोन-तीन दिवस पाणी सगळ्यात लांब जातं. अष्टमीला भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो, तेव्हा जाऊन काही दिसत नाही. पाणी वळायला लागलं की पाठ फिरवून फोटो काढत बसू नका.

मग विकत काय घ्यावं?

मी बांगडा, तारली आणि मांदेली घेते, मोठी सुरमई क्वचित. मुशी (लहान शार्क) घेत नाही, कारण ती उशिरा वयात येते आणि पिल्लं थोडीच देते. पोटात गाभोळी असलेला मासा चविष्ट लागतो हे मलाही माहीत आहे, त्यावर मी कोणाला बोलत नाही. सकाळी लवकर गेलात तर "हा कुठला?" असं विचारा. "गुजरातचा", "रत्नागिरीचा", "हा तिकडचा, मद्रासचा" असं उत्तर मिळतं. मी ते घरी आल्यावर कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात लिहिते, दुधाच्या हिशेबाखाली.